अर्धांगवायूनंतर पुन्हा घास उचलताना

अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाला रुग्णालयातून घरी सोडण्याची वेळ आली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : 'चालायला कधी लागतील?' रुग्णाच्या मनातले प्रश्न मात्र निराळे असतात आणि संकोचापायी ते विचारलेही जात नाहीत. शौचाला एकट्याने जाता येईल का, पायजम्याची नाडी किंवा लुगड्याची गाठ स्वतः बांधता येईल का, चारचौघांच्या पंगतीत बसून आपल्या हाताने जेवता येईल का, कारखान्यातली नोकरी टिकेल का? या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे शोधणारी वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा आहे. तिला ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार, असे म्हणतात.

हा मराठी शब्द थोडा फसवा आहे. 'व्यवसाय' म्हटले की धंदा किंवा नोकरी डोळ्यांसमोर येते आणि हे रुग्णांना काम मिळवून देणारे खाते असावे, असा अनेकांचा समज होतो. येथे व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्यांत जातो ती सर्व कामे. दात घासणे हा व्यवसाय, नातवाला मांडीवर घेणे हा व्यवसाय, देवपूजा करणे हाही व्यवसायच. ही कामे आजाराने हिरावून घेतली, तर ती पुन्हा शिकवणे, शिकता येत नसतील तर करण्याची पद्धत बदलणे आणि तेही शक्य नसेल तर घराची व साधनांची रचना बदलणे, असा या उपचाराचा तीन पदरी मार्ग आहे.

आजाराचे स्वरूप

मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद पडली किंवा फुटली, तर मेंदूच्या त्या भागाचे काम थांबते. साधारण पाच रुग्णांपैकी चौघांत कारण गुठळीचे असते. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूवर आणि उजवी बाजू डाव्या बाजूवर नियंत्रण ठेवते. म्हणून लुळेपणा उलट बाजूस येतो. भारतात झालेल्या निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला १०५ ते १५२ जणांना पहिला झटका येतो, असे दिसून आले.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी वाहिनी बंद असल्यास निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत गुठळी बाहेर काढता येते. प्रत्यक्षात हे तास अनेकदा वाटेतच संपतात. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे १९५६ पासूनची 'घाटी', हे केवळ शहराचे रुग्णालय नाही. जालना, बीड, परभणी, बुलडाणा अशा जिल्ह्यांतूनही तेथे रुग्ण येतात. गावात झटका आल्यावर आधी कुणीतरी मालीश सुचवते, कुणी कबुतराच्या रक्ताचा लेप सांगते, कुणी लकव्याचे औषध देणाऱ्या ठिकाणाचा पत्ता देते. लकव्यावर कबुतराचे रक्त चोळण्याच्या समजुतीला कसलाही आधार नाही. तिच्यापायी गेलेली वेळ मात्र परत मिळत नाही.

वेळेत पोहोचलेल्यांचाही आजार रुग्णालयातून घरी जाताना संपलेला नसतो. जीव वाचवण्याचे काम काही दिवसांत आटोपते. नंतरच्या महिन्यांत, पुष्कळदा वर्षांत, जे घडते त्यावर उरलेले आयुष्य कसे जाईल हे ठरते.

एका वास्तुरचनाकारापासून कमलाबाईंपर्यंत

'ऑक्युपेशनल थेरपी' हे नाव रूढ करणारा मनुष्य डॉक्टर नव्हता. जॉर्ज एडवर्ड बार्टन हा अमेरिकन वास्तुरचनाकार क्षयाने ग्रस्त होता. पुढे त्याच्या पायावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर शरीराची डावी बाजू लुळी पडली. न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे त्याने सुतारकाम आणि बागकाम करीत स्वतःला उभे केले. १९१७ मध्ये त्याच गावी, त्याच्याच घरी या शाखेची पहिली संघटना स्थापन झाली. अर्धांगाचा अनुभव घेतलेल्या रुग्णानेच या शाखेला नाव द्यावे, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

भारतात ही शाखा आणण्याचे श्रेय कमला निंबकर यांचे. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाईंचे पूर्वीचे नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटनेची स्थापना १९५२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने झाली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश झाला. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा अभ्यासक्रम आला. आज महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांना कमलाबाईंचे नाव ठाऊक असते ते फलटणच्या 'कमला निंबकर बालभवन' या शाळेमुळे. देशभरातील रुग्णांवर त्यांचे याहून मोठे ऋण आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

सुरुवातीच्या काळात व्यवसायोपचार विभागात हातमाग, सुतारकामाचे बाक आणि वेताच्या टोपल्या हीच 'यंत्रे' असत. पायाने पावडी दाबायची, एका हाताने धोटा टाकायचा, दुसऱ्याने फणी ओढायची. यात हात, पाय, डोळा आणि लक्ष सगळ्यांचा एकत्र व्यायाम होतो. हिमरू आणि पैठणी विणणाऱ्या मुलखातील वाचकांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. माग आता विभागांतून दिसेनासे झाले, परंतु तत्त्व तेच राहिले : नुसत्या व्यायामापेक्षा अर्थपूर्ण काम मेंदूला अधिक शिकवते.

उपचार सुरू कसे होतात

फिजिओथेरपीने पाय सुधारतात आणि ऑक्युपेशनल थेरपीने हात, अशी ढोबळ वाटणी रूढ आहे. ती बरोबर नाही. फिजिओथेरपीचा, म्हणजे भौतिकोपचाराचा, भर ताकद, तोल, चाल यांवर असतो, तर व्यवसायोपचाराचा भर त्या ताकदीचे दैनंदिन कामात रूपांतर करण्यावर. आंघोळीच्या ओट्यावर चढणे हे पायांचे काम खरे, पण व्यवसायोपचारतज्ज्ञालाही त्याची तितकीच काळजी करावी लागते. शिवाय मेंदूच्या इजेचे परिणाम स्नायूंपुरते थांबत नाहीत. विस्मरण होते, लक्ष टिकत नाही, कामाचा क्रम चुकतो. कंगवा हातात दिला तर त्याने दात घासू पाहणारा रुग्ण वेडा झालेला नसतो; ओळखीच्या वस्तू वापरण्याची मेंदूतील आखणी बिघडलेली असते.

यांतील सर्वांत चकवणारा प्रकार म्हणजे एका बाजूचे भान हरपणे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांसाठी डावे जग जणू अस्तित्वातच नसते. ताटाच्या उजव्या बाजूची भाजी संपते, डावीकडची कोशिंबीर तशीच राहते आणि 'मला कमी वाढले' अशी तक्रार होते. अर्धीच दाढी केली जाते. डोळे तपासले तर कित्येकदा निर्दोष निघतात. घरच्यांना हा हट्ट किंवा वेंधळेपणा वाटतो आणि त्यातून वाद होतात. त्या बाजूला लक्ष वळवण्याची सवय लावावी लागते : ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी, वाचताना ओळीच्या सुरुवातीला जाड रेघ, बोलणाऱ्याने मुद्दाम डावीकडे बसणे. अशा रुग्णाने रस्ता एकट्याने ओलांडणे किंवा स्कूटर चालवणे धोक्याचे असते, मग हातपाय कितीही सुधारलेले असोत.

पहिल्या भेटीत तज्ज्ञ रुग्णाच्या कामांची मोजदाद करतो. त्यासाठी बार्थेल निर्देशांक नावाची, १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली, १० कामांची यादी वापरतात : खाणे, आंघोळ, कपडे, शौच, खुर्चीत बसणे, जिना वगैरे. गुण शून्यापासून शंभरापर्यंत. या यादीत स्वयंपाक नाही, बाजार नाही, शेत नाही. म्हणून शंभर गुण मिळालेला रुग्णही घरात निरुपयोगी ठरल्याच्या भावनेने खचू शकतो. झटक्यानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि ते ओळखणे हाही उपचाराचाच भाग आहे.

घाई किती करावी, याबद्दल अलीकडे मत बदलले आहे. रुग्णाला जितक्या लवकर आणि जितके जास्त उठवावे तितके चांगले, असे मानले जात असे. पाच देशांतील २१०४ रुग्णांवर झालेल्या 'ॲव्हर्ट' या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पहिल्या २४ तासांत जोरकस हालचाली सुरू केलेल्या गटात चांगली सुधारणा ४६ टक्के रुग्णांत झाली, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्या गटात ५० टक्के रुग्णांत. म्हणून पहिल्या दिवशी थोडे, वारंवार आणि बेताने. खरा जोर त्यानंतर लावायचा, असे आता सांगितले जाते.

खांदा ओढू नये

पहिल्या आठवड्यांतील सर्वांत मोठी चूक घरच्यांकडूनच, आणि मायेपोटी, होते. रुग्णाला उठवताना लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून वर ओढले जाते. खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधाराने जागेवर राहतो; स्नायू ढिले पडले की हाताच्या वजनाने तो खाली सरकतो. त्यात ओढाताण झाली की दुखणे सुरू होते आणि दुखऱ्या खांद्याचा रुग्ण पुढे महिनोन्‌महिने हात हलवू देत नाही. झोपताना हाताखाली उशी, बसताना समोर पाटावर किंवा मांडीवरील उशीवर हात, उठवताना कमरेला धरून आधार, एवढे पाळले तरी पुष्कळ टळते. लुळ्या बाजूची संवेदना गेलेली असल्यास गरम पाण्याची बादली आणि तापलेला तवा यांपासून वेगळी काळजी घ्यावी लागते. भाजल्याचे रुग्णाला कळतच नाही.

काही आठवड्यांनी ढिलेपणाची जागा ताठरपणा घेतो. मूठ आवळली जाते, कोपर दुमडतो. या टप्प्यावर मुठीत रबरी चेंडू देऊन तो दाबायला सांगण्याची पद्धत घरोघरी दिसते. आवळलेली मूठ आणखी आवळायला शिकवण्याने बहुतेक रुग्णांचे फारसे हित होत नाही. गरज मूठ उघडण्याची असते. मनगटाला आधार देणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्प्लिंट, तज्ज्ञ रुग्णाच्या मापाने तयार करतो. हात योग्य स्थितीत ठेवण्यास त्यांची मदत होते. मात्र नुसती पट्टी बांधून ठेवल्याने सांधे आखडणे टळते, याचा पुरावा कमकुवत आहे, हेही सांगितले पाहिजे.

हात किती परत येईल, याचा अंदाज लवकर बांधता येतो का? नेदरलँड्समधील एका अभ्यासात, २०१० मध्ये, असे आढळले की झटक्यानंतर ७२ तासांत ज्यांना बोटे थोडी उघडता आली आणि खांदा बाजूला उचलता आला, त्यांच्यापैकी ९८ टक्के रुग्णांच्या हाताला सहा महिन्यांत काही ना काही कौशल्य परत आले. दोन्ही न जमलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. म्हणजे चारांतील एकाचा हात तरीही काही प्रमाणात सुधारला. हालचालीतील बरीचशी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते हे खरे, पण त्यानंतर दार बंद होते असे नाही.

त्याचा एक पुरावा म्हणजे चांगला हात बांधून ठेवण्याची उपचारपद्धती. लुळा हात वापरून यश येत नाही, म्हणून रुग्ण तो वापरणेच सोडतो आणि न वापरल्याने तो आणखी निकामी होतो. हे चक्र तोडण्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी ही पद्धत विकसित केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एक्साइट' चाचणीत, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांपैकी उपचार-गटाने दोन आठवडे जागेपणीचा जवळजवळ सर्व वेळ चांगल्या हातात जाड मोजा घातला आणि दिवसाला सहा तासांपर्यंत लुळ्या हाताचा सराव केला. त्यांच्यातील सुधारणा वर्षानंतरही टिकून होती. ही पद्धत सर्वांसाठी नाही. मनगट आणि बोटे थोडी तरी वर उचलता येणे आवश्यक असते. ज्यांना तेवढेही जमत नाही त्यांच्यासाठी आरशाचा उपाय करून पाहतात. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा, चांगला हात हलवायचा आणि आरशातील प्रतिबिंब पाहताना लुळाच हात हलतो आहे असे मेंदूला भासू द्यायचे. तुटलेल्या अवयवाच्या वेदनांसाठी ही युक्ती व्ही. एस. रामचंद्रन यांनी योजली. १९९९ पासून ती अर्धांगवायूतही वापरली जाऊ लागली.

उजवा हात, डावा हात

पाश्चात्त्य पुस्तकांत न सापडणारा एक प्रश्न मराठी घरात पहिल्याच दिवशी उभा राहतो. उजवा हात गेलेल्या माणसाने जेवायचे कोणत्या हाताने? डाव्या हाताने जेवणे हा कित्येकांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना, मरणप्राय संकोच वाटतो. ते भरवून घेणे पत्करतात किंवा पाहुणे आले की जेवायचेच टाळतात. डावा हात गेलेल्यांची अडचण याच्या उलट : शौचानंतर धुण्याचे काम ज्या हाताने आयुष्यभर केले तोच हात उरलेला नसतो, आणि उजव्या हाताने ते करणे मनाला पटत नाही. हे प्रश्न क्षुल्लक समजून हसण्यावारी नेणारा उपचारक रुग्णाचा विश्वास गमावतो. पाण्याचा हातफवारा बसवणे, डाव्या हाताने चमच्याने खाण्याची सुरुवात आधी एकांतात करणे, लुळा उजवा हात ताटाच्या कडेला टेकवून तोही जेवणात 'सहभागी' ठेवणे, असे मार्ग काढावे लागतात.

साधने महागच असतात असेही नाही. चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड केला की कमजोर बोटांच्या पकडीत बसतो. ताटाखाली ओले फडके ठेवले की ते सरकत नाही. उभ्या काठाच्या ताटात घास कडेला टेकवून उचलता येतो. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना तो शेवटी, हा नियम दोन दिवसांत अंगवळणी पडतो. परकराच्या नाडीऐवजी इलॅस्टिक, गुंड्यांच्या जागी चिकटपट्टी. सणासमारंभासाठी शिवून मिळणारी नऊवारी साडी हौसेची वस्तू म्हणून आली, पण एका हाताने नेसण्यासाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी नसेल.

स्वयंपाकघराचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो. विळी पायाने दाबून, जमिनीवर बसून, दोन्ही हातांनी वापरायची असते. एका हाताने ती वापरणे धोकादायक आहे. त्याऐवजी लाकडी पाटाला खालून दोन स्टीलचे खिळे ठोकून त्यांवर कांदा किंवा बटाटा रोवला की एका हातातील सुरी पुरते. भाकरी हे तर व्यवसायोपचाराचे उत्तम साधन आहे. पीठ मळताना मनगटावर भार येतो, थापताना पंजा उघडा राहतो, परात फिरवताना दुसऱ्या हाताला काम मिळते. मूठ उघडावी म्हणून तज्ज्ञ जे व्यायाम सांगतो त्यांतील पुष्कळसे ज्वारीच्या पिठात आपोआप घडतात, आणि पन्नास वर्षे भाकरी केलेल्या बाईला ते व्यायाम शिकवावे लागत नाहीत. पहिल्या भाकऱ्या वेड्यावाकड्या होतात, काही फाटतात. भाजण्याचे काम मात्र संवेदना तपासल्याशिवाय तिच्यावर सोपवू नये.

अडचण अनेकदा घरातूनच येते. झटका आलेल्या आईला परातीपुढे बसवणे म्हणजे आजारी माणसाला राबवणे, असे शेजारपाजारचे म्हणतात आणि मुलासुनेला ते लागते. मग पाण्याचा पेलाही तोंडाशी धरला जातो. सेवा करणाऱ्याची भावना खोटी नसते, पण सहा महिने सर्व काही हातात मिळालेल्या रुग्णाचा हात त्या सहा महिन्यांत काहीच शिकत नाही. या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. त्या दिवशी घरातील प्रत्येकाला काम असते. भरलेल्या हंड्यांवर झाकणे ठेवणे, नळाची तोटी बंद करणे एवढे जरी रुग्णाकडे असले, तरी तो त्या धांदलीच्या बाहेर राहत नाही.

पुरावा काय सांगतो

या उपचाराचा उपयोग होतो का, याचे उत्तर सरसकट 'होय' असे देता येत नाही. नऊ चाचण्यांतील १२५८ रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण २००७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. दैनंदिन कामांवर केंद्रित व्यवसायोपचार मिळालेल्या दर ११ रुग्णांमागे एक रुग्ण परावलंबी होण्यापासून किंवा आणखी ढासळण्यापासून वाचला, असा त्याचा निष्कर्ष होता. पुनर्वसनाच्या क्षेत्रात हा परिणाम चांगला मानला जातो. ब्रिटनमधील वृद्धनिवासांत राहणाऱ्या १०४२ रुग्णांवरील चाचणीत मात्र, २०१५ मध्ये, असा लाभ दिसला नाही. तेथील रुग्ण आधीच अतिशय दुर्बल होते आणि त्यांच्यापैकी पुष्कळांची आकलनशक्तीही खालावलेली होती. उपचार कुणाला, कधी आणि किती मिळतो, यावर फळ अवलंबून असते.

भारतासाठी सर्वांत महत्त्वाची, आणि थोडी निराश करणारी, चाचणी २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. 'अटेंड' या नावाच्या या चाचणीत देशातील १४ रुग्णालयांतून १२५० रुग्ण घेण्यात आले. तज्ज्ञ कमी आहेत, कुटुंबे मात्र प्रत्येक खाटेशेजारी आहेत. तेव्हा नातेवाइकांनाच पुनर्वसनाचे प्रशिक्षण दिले तर, असा विचार त्यामागे होता. कल्पना आपल्या परिस्थितीला इतकी साजेशी होती की ती यशस्वी होईल, असेच अनेकांना वाटले असावे. सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच निघाले.

याचा अर्थ कुटुंबाचा उपयोग नाही, असा नव्हे. आंघोळ, जेवण, खांद्याची काळजी हे सारे घरीच होणार आहे. मात्र थोडेसे प्रशिक्षण देऊन तज्ज्ञाची जागा नातेवाइकाने भरून काढावी, ही अपेक्षा त्या चाचणीने खोटी ठरवली. जिल्हा आणि तालुका पातळीवर प्रशिक्षित माणसे नेमण्याला पर्याय नाही, असे त्यातून निघते; पर्याय सापडल्याच्या आनंदात हा खर्च टाळता येईल, असे शासनाला वाटू नये.

महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांच्यासाठी २००२ च्या कायद्याने परिषद निर्माण झाली. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात व्यवसायोपचारतज्ज्ञांचाही समावेश आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात आंतरवासिताही असते. मुंबईत केईएम, शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांशी संलग्न महाविद्यालयांतून हे शिक्षण मिळते. 'पॅरालिसिसवर हमखास इलाज' अशा पाट्या लावणाऱ्यांकडे जाण्यापूर्वी पदवी आणि नोंदणी पाहणे कधीही चांगले.

पुन्हा कामावर

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे या शहरात नोकरीच्या वयातील रुग्णाचा प्रश्न वेगळा महत्त्वाचा ठरतो. पन्नाशीच्या आतल्या कामगाराला झटका येतो तेव्हा घराचे हप्ते चालू असतात, मुले शिकत असतात. 'दोन महिन्यांत हजर व्हा' किंवा 'राजीनामा द्या' या दोन टोकांमध्ये बरेच काही शक्य असते, हे त्याला कुणी सांगत नाही.

राज्य कामगार विमा योजनेत असलेल्या कामगाराला नेहमीचा आजारलाभ ९१ दिवसांचा आणि वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो. दीर्घ मुदतीच्या ३४ आजारांसाठी विस्तारित लाभ आहे. त्या यादीत अर्धांगवायू येतो. सेवा आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर हा लाभ ८० टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्याला २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या २० व्या कलमाचे संरक्षण आहे : सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून त्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही, पूर्वीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावे लागते आणि तसे पद नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. खासगी कारखान्यातील कामगाराला या कलमाचा आधार नाही. त्याची भिस्त व्यवस्थापनाशी होणाऱ्या बोलण्यावर राहते.

अशा बोलण्यात व्यवसायोपचारतज्ज्ञाचा अहवाल कामी येतो. कामगार जोडणीच्या पट्ट्यावर उभा राहतो की तपासणीच्या टेबलाशी बसतो, दोन्ही हातांनी किती वजन उचलावे लागते, इशाऱ्याचा दिवा कोणत्या बाजूला आहे, पाळी रात्रीची आहे का, अशा तपशिलांवर त्याचे परतणे ठरते. अर्ध्या पाळीपासून सुरुवात, फिरत्या यंत्रापासून दूरची जागा, मधली विश्रांती असे बदल सुचवता येतात. झटक्यानंतरचा थकवा बाहेरून दिसत नाही. सकाळी नीट काम करणारा माणूस दुपारनंतर चुका करू लागतो आणि त्याच्यावर आळसाचा ठपका येतो.

कामावर जायचे कसे, हाही प्रश्न उरतोच. वाळूजची कंपनी आणि सिडकोतील घर यांच्यामधले अंतर बहुतेक जण दुचाकीवरून कापतात. बाजूचे भान, नजरेचा पट्टा आणि प्रतिसादाचा वेग तपासल्याशिवाय हँडल हातात देऊ नये. जोडचाके लावलेल्या स्कूटरने तोल सावरतो, डावीकडून येणारा ट्रक न दिसणे मात्र सावरत नाही. कंपनीची बस थांब्यावर येत असेल, तर तिच्या पायऱ्या चढण्याचा सराव विभागातच, तेवढ्याच उंचीच्या लाकडी पेटीवर, आधीपासून करून घेता येतो.